‘फक्त गोऱ्यांचं गाव’ कागदांत कसं सापडतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेत ज्यांना सनडाऊन टाउन म्हणतात, ती गावं आणि उपनगरं ठरवून फक्त गोऱ्यांसाठी राखलेली होती. कृष्णवर्णीयांनी दिवसा कामाला यावं, सामान विकावं, पण सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर पडावं, अशी ताकीद कुठे पाटीवर लिहिलेली असे, कुठे पोलिसाच्या तोंडी. काही गावांत हीच बंदी चिनी, मूलनिवासी, मेक्सिकन किंवा ज्यू लोकांवर होती. अशी बहुतेक गावं १८९० ते १९४० या काळात घडली. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करायला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनंतरही कित्येक गावं तशीच राहिली. आपण राहतो त्या गावाचा असा काही इतिहास आहे का, हे कसं शोधायचं, याबद्दल अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी आणि इथल्या काही विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ओहायोतल्या एका उपनगरात आम्ही राहतो. गावाच्या शताब्दीच्या स्मरणिकेत कृष्णवर्णीयांचा उल्लेखच नाही. शोध कुठून सुरू करू?

जनगणनेपासून. स्मरणिका, स्थानिक संग्रहालय, जुने शेजारी हे सगळं त्यानंतर. आकडे हातात नसताना लोकांकडे गेलात तर ‘इथे कधी कोणी राहायला आलंच नाही’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्यापुढे तुमच्याकडे विचारण्यासारखं काही उरत नाही. समजा १८९० साली गावात साठ कृष्णवर्णीय होते आणि १९२० साली दोनच उरले, असं तुम्हाला माहीत असेल तर ‘ते गेले कुठे?’ असं सरळ विचारता येतं.

एक तक्ता करा. दर दशकाला एक ओळ, १८६० पासून अलीकडच्या जनगणनेपर्यंत. रकाने असे : गावाची एकूण लोकसंख्या, त्यातले कृष्णवर्णीय, काउंटीची (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) एकूण लोकसंख्या, काउंटीतले कृष्णवर्णीय आणि शेजारच्या तितक्याच आकाराच्या दोन-तीन गावांचे हेच आकडे. शेजारच्या गावांचा रकाना कंटाळा आला म्हणून गाळू नका, पुढे सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा राहतो. काउंट्यांचे आणि मोठ्या गावांचे जुने आकडे मिनेसोटा विद्यापीठाच्या एनएचजीआयएस या संग्रहात मोफत मिळतात. तिथून त्या-त्या काळच्या सीमांचे नकाशेही उतरवून घेता येतात.

अडचण येते ती लहान गावांची. अडीच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांचे वंशवार आकडे बऱ्याच दशकांच्या छापील तक्त्यांत मिळत नाहीत. तेव्हा मूळ हस्तलिखित पानं उघडावी लागतात, म्हणजे प्रगणकाने घरोघर फिरून भरलेले तक्ते. ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले, १९६० चे २०३२ साली होतील. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं मोफत आहे आणि बहुतेक पानांची छायाचित्रं तिथे आहेत. १८९० ची घरवार पानं मात्र शोधत बसू नका. वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हलगर्जीपणात ती जवळपास सगळी गेली. त्या वर्षाचे फक्त छापील एकत्रित आकडे उरले आहेत.

१९४० चं पान घ्या. पानावर ४० ओळी असतात. सातव्या रकान्यात नाव, आठव्यात कुटुंबप्रमुखाशी नातं, नवव्यात लिंग, दहाव्यात वंश. दोन हजार वस्तीचं गाव म्हणजे साधारण पन्नास पानं, एका संध्याकाळचं काम. दहाव्या रकान्यावरून नजर खाली सरकवत जायचं. ‘डब्ल्यू’ (व्हाइट) सोडून दुसरं काही दिसलं की पान क्रमांक, ओळ, नातं, व्यवसाय आणि घर स्वतःचं की भाड्याचं हे टिपून ठेवायचं. सतराव्या रकान्यापासून पुढे ती व्यक्ती १९३५ साली कुठे राहत होती हेही लिहिलेलं असतं. माणसं कुठून आली ते त्यावरून कळतं.

इथे नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. पहिली चूक म्हणजे संकेतस्थळावरच्या शोधसूचीवर भिस्त ठेवणं. ती सूची हस्ताक्षर वाचून तयार केलेली असते आणि एका अक्षराच्या गोंधळाने अख्खं कुटुंब गोरं होऊन बसतं. म्हणून पान डोळ्यांनी पाहायचं. दुसरी, प्रगणन विभागाची हद्द आणि गावाची हद्द एकच समजणं. एकाच विभागात गावाबाहेरची शेतंही येतात. पानाच्या माथ्यावर गावाचं नाव आहे की नुसत्या टाउनशिपचं (काउंटीचा पोटविभाग), ते प्रत्येक पानावर तपासा. तिसरी, बदलत्या वर्गांकडे दुर्लक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२० पर्यंतच्या बहुतेक जनगणनांत मिश्रवंशीयांची नोंद ‘मुलॅटो’ म्हणून वेगळी होते, ती कृष्णवर्णीयांत मिळवावी लागते. मेक्सिकन हा वेगळा वंश फक्त १९३० मध्ये आहे. १९४० मध्ये तीच माणसं गोऱ्यांत मोजली गेली. टेक्सस किंवा कॅलिफोर्नियातल्या गावावर काम करणाऱ्याने ही गोष्ट विसरली तर १९३० ते १९४० दरम्यान गावातून मेक्सिकन नाहीसे झाले, असा खोटा निष्कर्ष निघतो.

प्रश्न : आमच्या गावात १९४० साली १४ कृष्णवर्णीय दिसतात. म्हणजे बंदी नव्हती, असंच ना?

ते १४ जण कोण होते ते पाहिल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. आठव्या रकान्यात ‘सर्व्हंट’ लिहिलेलं असेल तर ती गोऱ्यांच्या घरात राहणारी मोलकरीण किंवा ड्रायव्हर. श्रीमंत उपनगरांत आकडा फुगतो तो यामुळेच. बाकीचे तुरुंगातले कैदी, इस्पितळातले रुग्ण, कॉलेजच्या वसतिगृहातले विद्यार्थी किंवा रेल्वेच्या रुळांवर तात्पुरत्या आलेल्या टोळीतले मजूर असू शकतात. स्वतःच्या छपराखाली राहणारं, आपलाच कुटुंबप्रमुख असलेलं कृष्णवर्णीय कुटुंब एक तरी होतं का आणि ते पुढच्या जनगणनेतही टिकलं का, हे शोधायचं. चौदाच्या चौदा मोलकरणी निघाल्या तर तो आकडा बंदीच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. काही उपनगरांच्या खरेदीखतांत तर घरकामाच्या नोकरांना राहू देण्याची सवलत स्पष्ट लिहिलेली आहे.

प्रश्न : सिटी क्लार्ककडे (गावाचं दफ्तर सांभाळणारा अधिकारी) लेखी अर्ज केला. ‘असा कोणताही ठराव आमच्या दफ्तरात नाही’ असं उत्तर आलं. मग ही अफवाच का?

नाही. या विषयावर काम सुरू करणारे सर्वाधिक वेळ याच ठिकाणी वाया घालवतात. गावातले म्हातारे हमखास सांगतात, ‘तसा ऑर्डिनन्सच होता.’ मग संशोधक परिषदेची इतिवृत्तं चाळतो, त्यात काही सापडत नाही आणि तो हात झटकतो. लेखी ठराव सापडणं हाच अपवाद आहे.

वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारे ठराव काही शहरांनी केले, त्यात बाल्टिमोरचा १९१० चा ठराव पहिला. पण लुइव्हिलच्या अशाच ठरावावरच्या ‘बुकॅनन विरुद्ध वॉर्ली’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली ते घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून कागदावर काही ठेवणं गावांच्या फायद्याचं नव्हतंच. वेशीवर पाटी लावायला ठराव लागत नाही. पोलिसाने गाडी अडवून ‘अंधार पडायच्या आत निघा’ म्हणायला लागत नाही, घर दाखवायला दलालाने नकार द्यायलाही लागत नाही. काही गावांत तर एका रात्रीच्या हिंसेने सगळं काम उरकलं होतं. मिसूरीतलं पिअर्स सिटी (१९०१), आर्कान्सातलं हॅरिसन (१९०५ आणि १९०९), इलिनॉयमधलं ॲना (१९०९), केंटकीतलं कॉर्बिन (१९१९) ही ठळक उदाहरणं. या ठिकाणी नंतर ठरावाची गरजच उरली नव्हती.

लेखी पुरावा आहे अशीही ठिकाणं आहेत. नेव्हाडाच्या डग्लस काउंटीत, मिंडन आणि गार्डनरव्हिल या गावांतून वाशो मूलनिवासींनी संध्याकाळी साडेसहाच्या आत निघून जावं असा १९१७ चा अध्यादेश होता. तो १९७४ पर्यंत रद्द झाला नव्हता. मिंडनमधला संध्याकाळचा भोंगा त्याच्याशी जोडलेला होता असं वाशो लोक सांगतात, गावातल्या काहींनी ते नाकारलं. अध्यादेशाचा कागद असूनही भोंग्यावर वाद होतो, यावरून दोन गोष्टींचे पुरावे वेगवेगळे मांडायला शिकावं.

क्लार्ककडे अर्ज करायचाच असेल तर ‘वंशभेदाचा ठराव’ मागू नका. तारखांची मुदत देऊन परिषदेची इतिवृत्तं, पोलीस खात्याची वार्षिक टिपणं आणि रस्त्यांवरच्या पाट्यांच्या खर्चाच्या नोंदी मागा. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा गावांना लागू नाही. अर्ज त्या-त्या राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली करावा लागतो.

प्रश्न : आमच्या घराच्या जुन्या खरेदीखतात ‘फक्त कॉकेशियन’ (म्हणजे गोरे) असं कलम असू शकतं, असं दलाल म्हणाला. ते कसं शोधायचं?

हातातल्या खरेदीखतात ते बहुधा दिसणार नाही. तिथे ‘नोंदलेल्या निर्बंधांच्या अधीन’ अशी एक ओळ असते आणि लोक ती ओलांडून पुढे जातात. खरा मजकूर त्या ओळीच्या मागे, दुसऱ्याच दस्तात असतो.

आधी काउंटी असेसरच्या (मिळकतींची कर आकारणी करणारा अधिकारी) संकेतस्थळावरून मिळकतीचा पार्सल क्रमांक आणि कायदेशीर वर्णन घ्या : लॉट अमुक, ब्लॉक तमुक, अमक्याची ॲडिशन (एकत्र भूखंड पाडून वसवलेला भाग). आता काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कचेरीत, जायचं. राज्याप्रमाणे या कचेरीचं नाव रजिस्टर ऑफ डीड्स किंवा काउंटी क्लार्क असंही असतं. तिथे त्या ॲडिशनचा प्लॅट, म्हणजे भूखंड पाडल्याचा नकाशा पाहा आणि त्यावरचं वर्ष व विकासकाचं नाव टिपा. मग विक्रेत्यांच्या सूचीत तुमच्या घराच्या मालकांचं नाव न शोधता त्या विकासक कंपनीचं नाव शोधा. प्लॅट नोंदल्यावर काही महिन्यांत कंपनीने ‘निर्बंधांचं घोषणापत्र’ नोंदवलेलं असण्याची शक्यता मोठी. ते एकदाच नोंदवलं जाई आणि सगळ्या भूखंडांना लागू होई.

घोषणापत्र सापडलं नाही तर मालकीच्या साखळीने मागे जायचं. आजचा विक्रेता आधी खरेदीदार होता, म्हणून त्याचं नाव खरेदीदारांच्या सूचीत. तिथे त्याचा विक्रेता मिळतो, मग तो खरेदीदारांत. असं करत विकासकाच्या पहिल्या विक्रीपर्यंत. प्रत्येक पायरीला पुस्तक आणि पान क्रमांक लिहून ठेवा. एक पायरी हुकली की ती नेमकी वारसाहक्काची निघते आणि मग ती खरेदीखतांत नसून प्रोबेट न्यायालयाच्या दफ्तरात सापडते.

आणखी एक जागा जवळजवळ सगळे विसरतात. जुन्या वस्त्यांत विकासकाने काही केलं नसेल तर शेजाऱ्यांनी मिळून करार केलेला असतो आणि तो डीडच्या (खरेदीखतांच्या) पुस्तकांत न जाता ‘करार’ किंवा ‘संकीर्ण’ नावाच्या वेगळ्या पुस्तकांत नोंदला जातो. ‘शेली विरुद्ध क्रेमर’ हा सर्वोच्च न्यायालयातला प्रसिद्ध खटला अशाच दस्तावरचा आहे. सेंट लुइसच्या एका रस्त्यावरच्या ३९ पैकी ३० मालकांनी १९११ साली पन्नास वर्षांच्या मुदतीचा असा करार केला होता.

मजकूर वाचताना सावकाश वाचा. कलमं सहसा या क्रमाने येतात : घर रस्त्यापासून इतके फूट आत, बांधकामाची किंमत इतक्या डॉलरांपेक्षा कमी नको, कोंबड्या-डुकरं पाळायची नाहीत, दारूचं दुकान काढायचं नाही. आणि मग, त्याच सुरात आणि त्याच टंकात, कॉकेशियन वंशाखेरीज कोणी ही मिळकत विकत घेऊ, भाड्याने घेऊ किंवा वापरू शकणार नाही. माणसांना डुकरांच्या रांगेत बसवणारं ते वाक्य पहिल्यांदा वाचताना अंगावर येतं. आपल्या टिपणात पूर्ण कलम शब्दशः उतरवा, कारण कोणाकोणाला वगळलं आहे ते गावागावात बदलतं.

न्यायालयाने अशी कलमं लागू करू नयेत, हा ‘शेली’चा निकाल १९४८ चा. पण नोंदवायला बंदी नव्हती, त्यामुळे नंतरच्या दस्तांतही ती दिसतात. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या घरकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी संस्थेने तर १९३० च्या दशकात आपल्या मार्गदर्शिकेत अशा कलमांची शिफारस केली होती. १५ फेब्रुवारी १९५० नंतर नोंदलेली अशी कलमं असलेल्या घरांच्या कर्जाला विमा द्यायचा नाही, असं तिने ठरवलं. म्हणजे दस्त त्या तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा, हे महत्त्वाचं. १९६८ पासून कलमाला काडीचंही कायदेशीर बळ नाही. आजच्या मालकावर त्यावरून बोट उचलणं अन्यायाचं आहे.

काही ठिकाणी हे काम आधीच झालेलं आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ प्रकल्पात स्वयंसेवकांनी लाखो पानं वाचून मिनिॲपोलिस आणि आसपासची हजारो कलमं नकाशावर आणली आहेत. वॉशिंग्टन राज्याने २०२१ च्या कायद्याने दोन विद्यापीठांना हेच काम सोपवलं. कॅलिफोर्नियात २०२१ च्या कायद्याप्रमाणे रेकॉर्डर अशी कलमं शोधून सार्वजनिक प्रतीत झाकतात, मूळ नोंद वेगळी जपली जाते. तेव्हा तिथे पडद्यावरच्या प्रतीत काही दिसलं नाही म्हणून थांबू नका, मूळ मायक्रोफिल्मबद्दल चौकशी करा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. खरेदीखतातलं कलम वस्तीबद्दल सांगतं, अख्ख्या गावाबद्दल नाही. मिनिॲपोलिसमध्ये हजारो कलमं होती आणि त्याच शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्त्याही होत्या.

प्रश्न : वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहांत ‘सनडाऊन टाउन’ असं शोधलं. एकही बातमी नाही.

ती संज्ञा त्या काळच्या बातमीदारांच्या लेखणीत क्वचितच येते. त्यांच्याच शब्दांत शोधायला हवं. ‘कलर्ड’ आणि ‘निग्रो’ हे शब्द गावाच्या नावासोबत घ्या, मग ‘ऑर्डर्ड टु लीव्ह’, ‘ड्रिव्हन आउट’, ‘नॉट अलाउड’, ‘ओन्ली कलर्ड फॅमिली’ असे तुकडे जोडा. जुन्या छपाईवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं बिघडतात. म्हणून एका शब्दावर अवलंबून न राहता तारखांची मुदत आवळा आणि पानं स्वतः पाहा. जनगणनेत आकडा ज्या दशकात कोसळला, तेच दशक घ्या.

यातली सगळ्यात कामाची युक्ती अशी, की गावाचं स्वतःचं वृत्तपत्र शेवटी वाचा. आपल्या गावातल्या जमावाबद्दल तिथला संपादक मूग गिळून बसतो, पण दहा-वीस मैलांवरच्या प्रतिस्पर्धी गावाचा संपादक तीच घटना चवीने छापतो. त्यानंतर कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं : शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर, इंडियानापोलिस रेकॉर्डर. इंडियानातलं बरंचसं साहित्य हुझिअर स्टेट क्रॉनिकल्सवर मोफत आहे. देशभरची जुनी वृत्तपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’त मिळतात. ‘पंचवीस वर्षांपूर्वी याच आठवड्यात’ अशी सदरं वगळू नका. मूळ अंक हरवला असला तरी बातमी तिथे उरलेली असते.

सार्वजनिक ग्रंथालयातल्या सिटी डिरेक्टऱ्याही काढून बसा. अनेक डिरेक्टऱ्यांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे ‘सी’, ‘कॉल्ड’ (दोन्ही ‘कलर्ड’ची लघुरूपं) किंवा तारा अशी खूण असते. डिरेक्टरी बहुधा दरवर्षी किंवा वर्षाआड निघे, त्यामुळे जनगणनेच्या दहा वर्षांच्या फटीत नेमकं कोणत्या वर्षी माणसं गेली ते इथे कळतं. आगविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशेही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. एका इंचाला पन्नास फूट या प्रमाणात काढलेल्या त्या नकाशांवर ‘कलर्ड चर्च’, ‘कलर्ड स्कूल’ अशी अक्षरं दिसतात. एका आवृत्तीत असलेलं चर्च पुढच्या आवृत्तीत नसेल तर तुमच्या तक्त्यातल्या आकड्याला जागा मिळाली.

प्रश्न : हाकलून दिलेल्यांच्या जमिनींचं काय झालं, हे कळू शकतं का?

बऱ्याचदा कळतं. जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीचं उदाहरण घेऊ. १९१० च्या जनगणनेत तिथे सुमारे ११०० कृष्णवर्णीय होते. १९१२ च्या सप्टेंबरपासून काही आठवड्यांत त्यांना धाकदपटशाने, जाळपोळ करून घालवून देण्यात आलं आणि पुढे अनेक दशकं काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली.

आधी १९१० च्या पानांवरून ज्यांच्यापुढे घर किंवा शेत ‘स्वतःचं’ लिहिलं आहे त्यांची यादी करा. मग करवसुलीची पुस्तकं घ्या. जॉर्जियात कृष्णवर्णीय करदात्यांची यादी वेगळी ठेवत, त्यामुळे काम सोपं होतं. प्रत्येक जमिनीचं वर्णन, एकर आणि आकारणी वर्षागणिक उतरवा. त्यानंतर विक्रेत्यांच्या सूचीत १९१२ पासून पुढची काही वर्षं हीच नावं शोधा. नाव सापडलं आणि किंमत आकारणीपेक्षा खूप कमी असेल, तर ती घाबरवून झालेली विक्री असण्याची शक्यता. नाव सापडलंच नाही, पण दोन-तीन वर्षांनी त्याच जमिनीचा कर दुसराच कोणी गोरा माणूस भरतो आहे असं दिसलं, तर विक्री न होताच ताबा गेला असावा. असे कागद शेजारीशेजारी ठेवून दाखवा, विशेषणं लागत नाहीत. गेलेल्या कुटुंबांचा माग १९२० च्या जनगणनेत शेजारच्या काउंट्यांत आणि मोठ्या शहरांत घ्यावा. नाव तेच असेल असं नाही, पण मुलांची नावं आणि वयं यांची जुळणी सहसा खोटं बोलत नाही.

प्रश्न : कर्ज नाकारण्याच्या लाल नकाशांवर आमचं गाव दिसत नाही. मग?

होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी कर्जसंस्थेचे ते नकाशे १९३५ ते १९४० मधले, आणि मुख्यतः मोठ्या शहरांचे. कर्जासाठी धोक्याच्या मानलेल्या वस्त्या त्यांत लाल आहेत. लहान गाव तिथे नसणारच. शिवाय कृष्णवर्णीय राहत होते ते भाग सहसा लाल आहेत, पण लाल भागांत गोरेही राहत. कृष्णवर्णीयांना कुठे राहू दिलं नव्हतं ते हिरव्या आणि निळ्या, म्हणजे चांगल्या मानलेल्या, भागांच्या वर्णनपत्रांत शोधा. त्या छापील अर्जावर ‘निग्रो’ असा रकाना आहे आणि शेऱ्यांत ‘डीडमधल्या निर्बंधांनी संरक्षित’ अशी शाबासकी वाचायला मिळते. रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वालिटी’वर नकाशे आणि अर्ज दोन्ही आहेत.

तसंच ‘ग्रीन बुक’चं. १९३६ पासून काही दशकं निघत असलेल्या, कृष्णवर्णीय प्रवाशांसाठीच्या या मार्गदर्शिकेत गावाचं नाव नाही, एवढ्यावरून गाव बंदीचं ठरत नाही. तिथे सोयीची जागा होती की नाही एवढंच त्यातून कळतं.

प्रश्न : बंदी फक्त कृष्णवर्णीयांवरच होती का? भारतीयांचं काय?

पश्चिम किनाऱ्यावर चिनी लोकांना घालवून देण्याची मोठी मालिका आहे : कॅलिफोर्नियातलं अँटिऑक १८७६ मध्ये, युरेका फेब्रुवारी १८८५ मध्ये, वॉशिंग्टनमधलं टकोमा नोव्हेंबर १८८५ मध्ये. जनगणनेत चिनी हा वर्ग वेगळा असल्याने पद्धत तीच चालते. ज्यू लोकांसाठी ती चालत नाही, कारण जनगणना धर्म विचारत नाही. तिथे १९१० ते १९३० च्या पानांवरची मातृभाषेची नोंद, खरेदीखतांतली ‘सेमिटिक’सारखी अक्षरं आणि सिनेगॉगांच्या नोंदी यांवर भागवावं लागतं.

भारतीयांचा इतिहासही यातच आहे. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांवर जमाव चालून गेला. हे कामगार बहुतांश पंजाबी शीख होते. काही दिवसांत त्या गावात कोणी भारतीय उरला नाही. वृत्तपत्रांनी त्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हटलं. १९३० आणि १९४० च्या जनगणनेतही भारतीयांची नोंद, धर्म कोणताही असो, वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ अशीच होते. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय हे नागरिकत्वाच्या कायद्यापुरते ‘गोरे’ नाहीत असं ठरवलं. आपल्या घराच्या जुन्या दस्तात ‘फक्त कॉकेशियन’ वाचणाऱ्या मराठी घरमालकाने हा निकाल माहीत करून घ्यावा.

प्रश्न : गावातल्या वृद्धांशी बोलायचं आहे. कसं विचारावं?

‘गाव वंशभेदी होतं का?’ असं विचारलंत तर मुलाखत तिथेच संपते. साध्या, ठोस गोष्टींपासून सुरुवात करा. गावात पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब कधी राहायला आलं? शाळेच्या सामन्यासाठी कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ आला तर सामना संपल्यावर ते कुठे जेवत, कधी निघत? स्टेशनवरचे पोर्टर रात्री कुठे झोपत? पाटीची गोष्ट निघाली की मग बारीक विचारा : कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूला, लाकडी की पत्र्याची, त्यावर काय लिहिलं होतं, केव्हा काढली? आणि मग सर्वांत महत्त्वाचं : तुम्ही स्वतः पाहिली की ऐकलंत? ऐकलं असेल तर कोणाकडून?

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. बोलणाऱ्याचं जन्मवर्ष आणि तो गावात कधीपासून कधीपर्यंत राहिला हे टिपा. ज्याचा जन्मच पाटी काढल्यानंतरचा, त्याचं ‘पाहिली’ मोजता येत नाही. ध्वनिमुद्रणाआधी लेखी संमती घ्या. नाव छापायचं की नाही, हेही त्यातच ठरवा. शेजारच्या ज्या गावात कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे तिथल्या चर्चमधल्या वृद्धांना विचारल्याशिवाय काम पुरं होत नाही. अमुक गावावरून जाताना थांबायचं नाही, पेट्रोल आधीच भरून घ्यायचं, हे ज्यांना पाठ करावं लागलं त्यांची स्मरणशक्ती गोऱ्या गावापेक्षा पक्की असते.

प्रश्न : किती पुरावा असला की ‘हे सनडाऊन टाउन होतं’ असं छापावं?

जनगणनेत दीर्घकाळ शून्य किंवा जवळपास शून्य, हा पाया. पण नुसतं शून्य पुरत नाही. काउंटीतच कृष्णवर्णीय नगण्य असतील, तर लहान गावात ते नसणं योगायोगही असू शकतो. शेजारच्या गावांचा रकाना कामाला येतो तो इथे. त्यांच्यात संख्या वाढते आणि तुमच्या गावात घटते, तर योगायोगाची शक्यता मावळते. त्यावर एकमेकांशी संबंध नसलेले किमान दोन पुरावे हवेत : एखादी तत्कालीन बातमी आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष, किंवा दस्त आणि बातमी. एकाच म्हाताऱ्याकडून ऐकलेल्या तिघांच्या साक्षी म्हणजे एकच साक्ष.

समाजशास्त्रज्ञ जेम्स लोवेन यांनी सुरू केलेली राज्यवार यादी मिसिसिपीतल्या टुगालू कॉलेजच्या संकेतस्थळावर आहे. तिथे गावांपुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘शक्य’ अशा पायऱ्या असतात. तुम्हीही तशाच पायऱ्या वापरा, आणि यादीत आपलं गाव आहे म्हणून शोध थांबवू नका. काही नोंदींमागे एकाच पत्रलेखकाची आठवण असते. बंदी कधीपासून कधीपर्यंत हेही लिहा, नाहीतर वाचक ती आजही आहे असं समजतो.

जिवंत व्यक्तींची आणि आजच्या घरमालकांची नावं गाळा. अधिकाऱ्यांची नावं सार्वजनिक नोंदीत असतील तर कागदाचा संदर्भ देऊन लिहायला हरकत नाही. टिपणांची एक प्रत गावच्या ग्रंथालयात आणि एक राज्याच्या अभिलेखागारात ठेवा. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलच्या नगर परिषदेने २०२० साली आणि विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या महापौरांनी २०१६ साली आपल्या शहराचा हा इतिहास अधिकृतपणे मान्य केला. तुमच्या गावात तसा ठराव मांडायची वेळ आली तर सभेपुढे आधी दशकांचा तक्ता ठेवा, शेजारच्या गावांच्या रकान्यांसकट.